हापशाचा दांडा

नोंगताबात मला कुणी नावाने हाक मारत नाही. बाप्तिस्म्यात ओनोरीन असं चांगलं घसघशीत नाव ठेवलंय, पण लग्न होऊन मोशी जमातीच्या या गावात पाऊल टाकलं त्या दिवसापासून मी नुसती ‘सामो’. माझ्या जमातीचं नाव तेच माझं नाव. शेंबडं पोरसुद्धा रस्त्यातून ओरडतं, “सामो, कुत्र्याची मुंडी शिजली का?” मी म्हणते, “शिजली रे, पण आधी मालक जेवतील, मग गुलाम. ताट घेऊन बस तिकडे.” पोरगं खिदळत पळतं. सामो कुत्रं खातात, त्यावरून ही जुनी चेष्टा.

मोशी आणि सामो यांचं नातंच तसलं. आम्ही म्हणायचं तुम्ही आमचे गुलाम, त्यांनी म्हणायचं तुम्ही आमचे. कुणी सुरू केलं देव जाणे. माझा नवरा मोशी होता, तर लग्नाच्या दिवशी त्याच्या भावांनी मला वाटेत अडवून ‘पळून आलेली गुलाम परत मिळाली’ म्हणून ढोल वाजवला होता. या चेष्टेत दोनच गोष्टी पाळायच्या. कितीही झोंबलं तरी रागवायचं नाही. आणि चेष्टेत कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. माझा स्वभाव मुळातच तिखट, तेव्हा हे नातं मला मानवलं. नवरा गेल्यावर माहेरी परत जावं असं कधी वाटलं नाही ते त्यामुळेच. तिकडे माझ्या शिव्या ऐकून घ्यायला कोण बसलंय?

माझं सगळ्यात जास्त जमायचं ते शेजारच्या तिराओगोशी. माणूस वयाने माझ्यापेक्षा थोराड, अंगाने हडकुळा, गावात वजन असलेला, पण मला बघितलं की त्याच्या जिभेला धार यायची. सकाळी कुंपणावरून पहिलं वाक्य त्याचं नाहीतर माझं. “काय गं सामो, अजून जिवंत?” “मी मेले तर तुला कामाला कोण लावणार, गुलामा?” त्याची बायको तालातो चुलीपाशी बसून हसायची. ती फार बोलायची नाही, पण आमचं भांडण कमी पडलं तर मध्येच एखादी काडी टाकायची.

हापसा यायच्या आधी आम्ही तळ्याचं पाणी प्यायचो. गुरं, बेडूक आणि आम्ही, सगळे एकाच पंगतीला. त्या पाण्याने गावाला नारू दिला. तालातोच्या घोट्यातून निघाला तो असा चिघळला की तिचा पाय कायमचा वाकडा झाला. पुढे शहरातल्या संस्थेने बोअर मारायचं कबूल केलं, पण वाळू, खडी आणि ओट्याचे दगड गावाने पुरवायचे असं ठरलं. बायकांनी टेकडीवरून दगड डोक्यावर आणले आणि बसून फोडले. तालातो वाकड्या पायाने टेकडी चढायची. मी म्हटलं, “तू बस गं, आम्ही आहोत ना.” ती म्हणाली, “बसून बसून नारू पाळला. आता दगड फोडू दे.” हापशातून पहिलं पाणी आलं तेव्हा तिने ओंजळ भरली आणि प्यायचं सोडून नुसतीच बघत राहिली. आरपार दिसत होतं. तळ्याच्या पाण्यात स्वतःची बोटं दिसायची नाहीत.

मग प्रश्न आला राखण कुणी करायची. ओट्यावर चपला घालून चढू नये, भांडी-कपडे धुऊ नयेत, गाढवं आणू नयेत, घागर आधी विसळावी, असे सगळे नियम संस्थेची माणसं सांगून गेली होती. सांगायला काय जातं? गावप्रमुखाच्या बायकोला ‘चपला काढा’ म्हणायचं कुणी? एका मोशी बाईने दुसरीला तसं म्हटलं असतं तर त्यांच्या नातवंडांपर्यंत अबोला चालला असता. हापशाच्या समितीवर तिराओगो मुख्य होता. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “सामोला बसवा. ती सगळ्यांना शिव्या देईल आणि कुणाला राग धरता येणार नाही.”

अख्खी बैठक हसली आणि हे मान्यही झालं. खरं सांगते, फार हुशारीची गोष्ट होती ती. मी स्टूल टाकून हापशाशी बसायला लागले. गावप्रमुखाची बायको आली की मी म्हणायचे, “मालकीणबाईंच्या पायाखाली काय मखमल घालू? काढ त्या चपला.” ती हसत हसत काढायची. इमामसाहेबांनाही मी सोडलं नाही. इतकी वर्षं आमच्या ओट्यावर शेवाळाचा ठिपका दिसला नाही. बाजूच्या पेलगा गावातले लोक येऊन विचारायचे, तुमचा हापसा एवढा स्वच्छ कसा? तिराओगो छाती फुगवून सांगायचा, “आम्ही कुत्रं पाळलंय.” मी म्हणायचे, “आणि ते मालकाला चावतं.”

या हुशारीत एक खोट होती, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

गेल्या कोरड्या हंगामात तिराओगोने मुलासाठी, याम्बासाठी, घर बांधायला काढलं. पोराचं लग्न ठरलं होतं. घर मातीच्या विटांचं, आणि विटांना पाणी लागतं. मग त्याने काय करावं? हापशाच्या ओट्याला लागूनच खड्डा खणला. तिथली माती सांडपाण्याने मऊ असते आणि पाणी हाताशी. आमच्याकडे सगळे असंच करतात, त्यात नवल नाही. मी म्हटलं, “गुलामा, ओट्याखाली बीळ करतोयस, उंदीर झालास का?” तो म्हणाला, “तुझ्यासाठीच करतोय. उन्हाळ्यात कुत्र्यांना गार जागा लागते.” आजूबाजूचे हसले. त्याने विटा थापल्या, घर उभं केलं, लग्न लावलं, आणि खड्डा तसाच राहिला.

पावसाळा लागला आणि तो खड्डा भरला. गाढवांना आयता हौद मिळाला. ती प्यायची आणि तिथेच घाण करायची. ओट्याची ती बाजू खालून पोकळ झाली, मग एके दिवशी सिमेंटला चीर गेलेली दिसली. केसाएवढीच होती, पण पार हापशाच्या बुंध्यापर्यंत. दुसऱ्या आठवड्यात तिच्यात करंगळीचं टोक जाऊ लागलं.

मी सकाळी सगळ्यांच्या आधी दांडा मारते, सवय म्हणून. त्या दिवशी पहिलं पाणी किंचित पिवळट आलं, आणि घागरीत गवताच्या काडीचा तुकडा तरंगत होता. मी तो बोटावर घेऊन बघत बसले. एवढ्या खोल खडकाच्या पोटात गवत उगवतं का? नाकाशी नेला तर गाढवाच्या गोठ्याचा वास.

बायका आल्या तशी मी दांड्यापुढे उभी राहिले. “आज पाणी भरू नका. पाणी बिघडलंय. खड्ड्यातली घाण आत उतरतेय.”

एकीने दुसरीला कोपर मारलं. “सामोला आपली तहान बघवत नाही.”

“अगं, खरं सांगतेय मी. ही काडी बघ.”

“काडी कसली दाखवतेस? रात्रीच्या कुत्र्याच्या मुंडीतली असेल, दातात अडकलेली.”

हसून हसून त्यांच्या घागरी हिंदकळल्या. मी काडी पुढे धरली, चीर दाखवली, आवाज चढवला. आवाज चढवला की त्या आणखी हसायच्या, कारण सामो चांगली रंगात आली होती ना! इतकी वर्षं मी त्यांना हेच शिकवलं होतं की मी ओरडले की हसायचं. आता तोंड कुठून बदलून आणू?

मी तिराओगोकडे गेले. तो दारात कणीस सोलत बसला होता. मी त्याला गुलाम म्हटलं नाही, सरळ सांगितलं, “पाणी खराब झालंय. हापसा बंद कर, मिस्त्री बोलाव, तो खड्डा बुजव.”

त्याने मान वर करून माझ्याकडे निरखून पाहिलं. “हे नवीन आहे,” तो म्हणाला. “चेहरा अगदी मेल्यासारखा ठेवायचा. चांगलं जमतंय तुला. तालातो, बाहेर ये, बघ सामो कशी करतेय.”

तालातो लंगडत बाहेर आली. ती हसली नाही. मला म्हणाली, “काय झालं गं?” मी तिला काडीचं सांगितलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. “बघून या ना एकदा.”

“बघतो की. पीक घरात आलं की बघतो. आत्ता मिस्त्री कुठला यायला, सगळे रस्ते चिखलात आहेत.” आणि मग मला, “मालकीणबाईंनी तोवर तळ्याचं प्यावं. माहेरची आठवण येईल.”

त्या आठवड्यात गावात पोटं बिघडायला लागली. आधी लहान पोरं. पावसाळ्यात पोरांची पोटं बिघडतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. रात्री हापशाला कुलूप लावायची साखळी माझ्याकडे असते, ती मी एका सकाळी काढलीच नाही. किल्ली कमरेला खोचून स्टुलावर बसले. म्हटलं, बघू कोण पाणी काढतं.

काय व्हावं? अर्ध्या तासात जत्रा जमली. सामोने हापसा धरून ठेवलाय, आता तिला काहीतरी देऊन तो सोडवून घ्यायला हवा. याम्बा एक कोंबडी घेऊन आला, पायाला लाल चिंधी बांधलेली, आणि माझ्यापुढे गुडघे टेकून म्हणाला, “मालकीणबाई, गुलामांना पाणी द्या.” पोरं टाळ्या पिटत होती. माझ्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं, तर लोक म्हणाले, वा, रडतेसुद्धा. चेष्टेत दिलेली कोंबडी नाकारता येत नाही, आणि घेतली की किल्ली द्यावी लागते. मी घेतली आणि किल्ली दिली. घरी जाऊन त्या कोंबडीला अशा शिव्या घातल्या की बिचारी टोपलीखाली गप्प बसून राहिली.

मी माझ्यापुरतं पाणी उकळायला लागले. तालातोलाही सांगितलं. तिने मान डोलावली, पण घरात माणसं किती, सरपण ओलं, आणि नवीन सून पोटुशी. उकळलेलं पाणी ती सुनेला द्यायची, हे मला नंतर कळलं. स्वतः घागरीतलंच प्यायची.

तालातो आजारी पडली तेव्हा दोन दिवसांत तिचा पार चोथा झाला. याम्बाने तीनचाकी आणली, मागे चटई टाकून तिला दवाखान्यात न्यायला निघाले, पण ओढ्याला पाणी होतं. पाणी उतरायची वाट बघत ओढ्याच्या काठावरच ती गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. शेवटपर्यंत ती पाणी पाणी करत होती, आणि माझ्या हातात तिच्याच घरून भरून आणलेली बाटली होती. मी ती झाडीत फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरायचं ठरलं.

आमच्यात म्हाताऱ्या माणसाच्या मयताला चेष्टेचं नातं असलेला हवाच असतो. त्याने मेलेल्याचे कपडे घालायचे, त्याची चाल चालायची, त्याच्यासारखं बोलायचं, आणि शेवटी कबरीत आडवं होऊन अडून बसायचं. काहीतरी मिळाल्याशिवाय उठायचं नाही. लोक रडता रडता हसतात. तालातोसाठी हे माझंच काम होतं, दुसरं कुणी करणं शक्य नव्हतं. मी तिचं निळं फडकं डोक्याला गुंडाळलं आणि वाकडा पाय ओढत अंगणात आले. चुलीपाशी बसून तिच्यासारखं कोंबड्यांना हाकललं, मग वर बघून म्हणाले, “बघून या ना एकदा.” सुना हसल्या आणि हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तिराओगो भिंतीला टेकून उभा होता. त्याने तोंड फिरवलं.

कबर ज्वारीच्या शेताच्या कडेला खणली होती. ओल्या मातीचा वास येत होता. मी आत उतरले आणि आडवी झाले.

“ऊठ गं सामो,” वरून याम्बा म्हणाला. ठरलेलंच बोलणं. “ही जागा तुझी नाही.”

“गुलामाची जागा ती मालकाची. मला माझं द्या, मग उठते.”

कोंबडी आली. कबरीत अडून बसलेल्याला नाही म्हणता येतं. मी नको म्हटलं. दोलोचं मडकं आलं, आपल्या ज्वारीच्या दारूचं, चांगलं फेसाळलेलं. नको. कोलाच्या बिया आल्या. नको. लोक खूश होते, तालातोला साजेशी अडवणूक चालली होती.

“मग काय बकरी पाहिजे?”

“बकरी तुझ्या म्हातारपणाला ठेव. मला हापशाचा दांडा पाहिजे. खोलून आणायचा आणि माझ्या हातात द्यायचा.”

मोठा हशा झाला. कुणीतरी धावत जाऊन कुदळीचा दांडा आणला आणि वरून माझ्याकडे टाकला. “हा घे दांडा.” मी तो उचलून परत वर फेकला.

“हापशाचा म्हणाले मी.”

हळूहळू हसणं कमी झालं. ऊन वर यायला लागलं. तालातो चटईत गुंडाळलेली बाजूला ठेवली होती, तिच्यावर माश्या बसू नयेत म्हणून दोन बायका फडकी हलवत होत्या. एक आत्याबाई चिडून म्हणाल्या, “पुरे झालं आता. मयताची काही लाज?” पण मला हात धरून बाहेर ओढता कुणाला येत नव्हतं. कबरीतल्या सामोला हात लावत नाहीत. मी तिथे पडून आकाशाचा एवढासा तुकडा बघत होते, पाठीखाली माती गार होती. मनात म्हटलं, ओनोरीन, आज हे लोक तुला गावाबाहेर काढतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

मग तिराओगो कडेला येऊन उकिडवा बसला. दोन दिवसांत त्याच्या गालांची हाडं वर आली होती.

“सामो,” तो हळू आवाजात म्हणाला, “आज नको गं.”

“आजच.”

“दांडा काढला तर बायका पाणी कुठून आणतील? पेलगापर्यंत चालत जायचं का त्यांनी? एवढी माणसं जमलीत, त्यांना काय पाजू?”

“दोलो पाज. ती उकळलेली असते.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तो हसला नाही. “मला खरं सांग,” तो म्हणाला. “तू चेष्टा करतेयस की नाही?”

काय सांगणार होते मी? नाही म्हटलं असतं, तर मी नुसती एक परक्या जमातीची विधवा बाई, मयत अडवून बसलेली. तिला दोघांनी खांद्याला धरून उचललं असतं आणि बाजूला केलं असतं. म्हणून मी म्हटलं, “चेष्टाच करतेय. आणि चेष्टेत मागितलेलं तू मला आजवर कधी नाकारलं नाहीस. आज नाकारायचं असेल तर या सगळ्यांसमोर नाकार.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काडी, चीर, खड्डा अशी एकेक गोष्ट पोहोचताना मला खालून दिसत होती. मग उठला आणि याम्बाला म्हणाला, “हापसा खोलायचे पाने आण.” “अहो पण,” याम्बा म्हणाला. “पाने आण म्हटलं ना.”

स्वतः गेला तो. लोखंडावर पाना घासल्याचा आवाज मला कबरीत ऐकू येत होता. मग तो परत आला, गुडघ्यावर टेकला आणि दांडा दोन्ही हातांनी खाली माझ्याकडे दिला. मी तो घेऊन वर चढले आणि बाजूला झाले. तालातोला खाली ठेवलं. मी दांडा छातीशी धरून तिथेच मातीच्या ढिगावर बसले आणि मोठ्याने रडले. त्या रडण्याला कुणी वा म्हटलं नाही.

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. चेष्टेतली शिवी आणि खरी शिवी यांत काय फरक असतो तो मला तेव्हा कळला. पेलगाच्या वाटेवर बायका चिखलातून घागरी वाहायच्या आणि माझ्या दारावरून जाताना थुंकायच्या. काहीजणी तळ्याकडे वळायला लागल्या, तर मी स्टूल उचलून तळ्याच्या वाटेवर नेऊन टाकलं. दांडा मांडीवर. “या,” मी म्हणायचे, “आधी माझ्या डोक्यात घागर घाला आणि मग जा.” कुणी घातली नाही, पण मनात सगळ्यांनी घातली असणार. तालातोची नवी सून मात्र पेलगाहून येताना रोज एक तपेली माझ्या दारात ठेवून जायची, न बोलता.

आणि पोरांची पोटं बिघडायची थांबली. एकाएकी नाही, हळूहळू. बायकांनी ते एकमेकींत बोलायच्या आधी मनाशी ताडलं असावं, कारण थुंकणं आपोआप बंद झालं.

चिखल वाळल्यावर तालुक्याहून मुमिनी मिस्त्री आला. सगळं गाव गोळा झालं. त्याने एकेक पाइप वर ओढून गवतावर मांडला. खालच्या पाइपांना हिरवट-काळा चिकट लेप होता, गवताच्या काड्या होत्या, आणि एक कुजलेला बेडूक होता. वास असा की पुढची माणसं मागे सरली. मुमिनीने बुंध्याशी बसून चिरेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. त्याने हात पुसला.

“हा खड्डा कुणी खणला?” त्याने सहज विचारलं. त्याला काय माहीत.

सगळे दुसरीकडे बघत होते. समितीतला एकजण म्हणायला लागला की पावसाने जमीन खचते कधीकधी.

“मी,” तिराओगो म्हणाला.

खड्डा त्याने एकट्याने बुजवला. याम्बा फावडं घेऊन आला तर त्याला परत पाठवलं. टेकडीवरचे दगड आणून त्याने भरले, वर माती धुमसली. ओटा नवीन झाला, बोअरमध्ये औषध टाकून दोन दिवस नुसतं पाणी उपसून फेकलं, गाढवांसाठी लांब वेगळा हौद झाला, कुंपण झालं. दांडा मी माझ्या हाताने परत दिला. पहिलं पाणी आलं ते आरपार होतं.

त्या संध्याकाळी तो माझ्या अंगणात आला. कुंपणावरून नाही, दारातून. बसला.

“तालातो त्या पाण्यानेच गेली ना?”

“मला काय विचारतोस? मी काय डॉक्टर आहे?”

“सामो.”

“हो,” मी म्हटलं. “त्या पाण्यानेच.”

त्याने मान हलवली. “तू मला सांगितलं होतंस.”

“सांगितलं होतं.”

“मी हसलो.”

“सगळेच हसले रे.”

“सगळ्यांनी खड्डा नव्हता खणला,” तो म्हणाला, आणि उठून गेला.

आता गावात माझा शब्द चालतो. समितीच्या बैठकीत मला खुर्ची असते. मी म्हटलं पाणी उकळा, की घरोघरी चुली पेटतात. आणि लोक पुन्हा चेष्टाही करायला लागलेत. पोरं कुत्र्याच्या मुंडीचं विचारतात, गावप्रमुखाची बायको चपलांवरून वाद घालते. जगरहाटी परत आली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

फक्त तिराओगो नाही. बैठकीत तो म्हणतो, “आधी ओनोरीनबाईंचं ऐकू या.” इतक्या वर्षांत त्याला माझं नाव माहीत आहे हेच मला ठाऊक नव्हतं. सकाळी कुंपणावर येतो, बरी आहे का विचारतो, मी काही बोलले तर ऐकून घेतो. मी त्याला डिवचून पाहिलं. म्हटलं तुझी ज्वारी बघून पाखरंसुद्धा उपाशी परत जातात. म्हटलं तुझे वाडवडील आमच्या घोड्यांची लीद काढायचे. तो मान खाली घालतो, जणू मी एखादी माहिती देतेय.

काल तो हापशावर आला. हल्ली स्वतःच पाणी भरतो. मी स्टुलावर होते, रांगेत चार बायका. मी ठरवूनच बसले होते की आज याचं तोंड उघडायचंच. ठेवणीतली काढली, जी मी कुणा दुसऱ्यावर कधी वाया घालवली नसती. “ए गुलामा,” मी मोठ्याने म्हटलं, “तुझ्या आजाला आमच्या लोकांनी मिठाच्या एका खड्यावर विकला होता. घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी माणूस परत आणून दिला आणि म्हणाला, आमचा खडा द्या.”

बायका पोट धरून हसल्या. मी वाट बघत होते. म्हटलं, बोल रे. माझ्या आजाला विक, माझ्या आईला विक, मला कुत्र्याच्या शेपटीवर विक, पण काहीतरी बोल.

त्याने डबा खाली ठेवला आणि चपला काढून हातात घेतल्या.

“असेल, ओनोरीनबाई,” तो म्हणाला. “या इथे कुंपणाशी ठेवल्या तर चालतील ना?”

“चालतील,” मी म्हटलं.